अल्बनी ते ग्रँड रिव्हर : लाँगहाऊसच्या पूर्वेच्या दारातून पश्चिमेच्या दारापर्यंत

आई-बाबा भारतातून जर्सीला आले की नायगारा ट्रिप होतेच, इथल्या सगळ्याच मराठी घरांत होते. सकाळी डबे भरून निघायचं, रात्री धबधब्यावरचे लाइट्स बघायचे, दुसऱ्या दिवशी बोट, की परत. यावेळी आम्ही मुद्दाम लांबचा रस्ता धरला, आधी वर अल्बनीला, तिथून आय-नाइन्टीने सरळ पश्चिमेला थांबत थांबत आणि शेवटी बॉर्डर ओलांडून कॅनडात. हा सगळा पट्टा होडिनोशोनी लोकांचा, ज्यांना शाळेच्या पुस्तकात इरोक्वॉय म्हणतात. माझा मुलगा शाळेच्या टीममधून लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ) खेळतो, हा खेळ मुळात त्यांचा हे कळल्यापासून तो मागे लागला होता, आणि त्याच्यासाठी म्हणून वाचायला घेतलं तर मीच त्यात गुंतले.

जरा भूगोल सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. पूर्वेकडून पश्चिमेकडे पाच राष्ट्रं – मोहॉक, ओनायडा, ऑनॉनडागा, कायुगा, सेनेका. दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिनातून गोऱ्यांनी हुसकावलेले टस्करोरा 1722 मध्ये येऊन मिळाले, तेव्हापासून सहा. हे लोक आपल्या अख्ख्या प्रदेशाकडे एकच लांबलचक घर, म्हणजे लाँगहाऊस, म्हणून बघतात, मोहॉक पूर्वेचं दार राखतात, सेनेका पश्चिमेचं, आणि मधली चूल ऑनॉनडागांकडे. या घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची जुनी पायवाट होती आणि आजचा न्यूयॉर्क थ्रूवे हायवे बराचसा तिच्याच अंगाने जातो. म्हणजे आपण सगळे नायगाराला जाताना ज्या रस्त्यावर कॉफी घेऊन पुढे पळतो ना, तो त्यांच्या घराच्या मधोमधून जातो.

पहिला दिवस – कोहोझचा धबधबा

दुपारपर्यंत अल्बनीच्या जवळ कोहोझ नावाच्या गावात पोचलो. गिरण्यांचं जुनं गाव, लाल विटांच्या इमारती, आणि त्यांच्या मागे मोहॉक नदीवर रुंदच्या रुंद धबधबा. बरंचसं पाणी वीजनिर्मितीला वळवलेलं असतं, त्यामुळे पावसाळी दिवस नसतील तर निम्मा कातळ उघडा दिसतो. आम्ही जूनमध्ये गेलो, आदल्या दिवशी पाऊस झालेला, त्यामुळे पाणी छान होतं.

इथे थांबायचं कारण ही एक कथा. खूप पूर्वी ही पाचही राष्ट्रं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती, एक खून झाला की त्याचा बदला, मग बदल्याचा बदला. अशा वेळी उत्तरेकडून, ऑन्टारिओ सरोवराच्या पलीकडून एक माणूस पांढऱ्या दगडाच्या होडीतून आला. त्याला पीसमेकर म्हणतात. त्याचं खरं नाव हे लोक उगाच उच्चारत नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. त्याने मोहॉकांना सांगितलं की शस्त्रं टाका आणि एकत्र बसून ठरवायला शिका. ते म्हणाले बोलतोस चांगलं, पण तुझ्यात ताकद आहे हे कळायचं कसं. मग तो या धबधब्याच्या काठावरच्या झाडावर चढून बसला आणि त्यांनी झाड तोडलं. झाडासकट तो खाली गेला, सगळ्यांना वाटलं संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर हा शांतपणे शेकोटीपाशी बसलेला. मोहॉकांनी सगळ्यात आधी शांतीचा कायदा मान्य केला तो असा.

बाबा बराच वेळ कठड्याला टेकून खाली बघत होते. ते इरिगेशनमध्ये नोकरीला होते, त्यांनी आधी पाणी किती क्युसेक असेल याचा अंदाज बांधला आणि मग म्हणाले, इथून पडलेला माणूस वाचत नाही, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं टिकली.

दुसरा दिवस – मोहॉक खोरं

सकाळी हाऊज केव्हजवळच्या इरोक्वॉय म्युझियममध्ये गेलो. इमारतच लाँगहाऊसच्या आकाराची आहे आणि आत जुन्या मडक्यांइतकीच जागा आजच्या कलाकारांना दिलेली आहे, हे मला फार आवडलं. मण्यांचं काम, हरणाच्या शिंगातलं कोरीवकाम, काळ्या ॲश झाडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या, चित्रं, सगळं हयात माणसांनी केलेलं. एक सांगायचं म्हणजे आजार बरे करायचे विधी करणाऱ्या मंडळांचे लाकडी मुखवटे बघायला मिळतील म्हणून जाऊ नका. ते पवित्र मानतात, विकू नका आणि प्रदर्शनात मांडू नका असं त्यांच्या महासभेनेच सांगितलेलं आहे.

नवरा मॅनहॅटनमध्ये काम करतो, त्याला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते लोखंडकामाच्या गोष्टीने. मॉन्ट्रियलजवळच्या कानावागे गावचे मोहॉक पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुलांवर आणि उंच इमारतींवर लोखंडी सांगाडे जोडायचं काम करायला लागले. 29 ऑगस्ट 1907 ला क्युबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, 75 माणसं गेली, त्यातली 33 एकट्या कानावागेची. एवढ्याशा गावावर एका दिवसात आकाश कोसळलं. त्यानंतर गावातल्या बायकांनी आग्रह धरला की सगळे पुरुष एकाच कामावर जाणार नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी विभागून जायचं. काम सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण पोट त्यावर होतं. मग त्यांच्यातले कितीतरी जण न्यूयॉर्कला आले, ब्रुकलिनमध्ये त्यांची वस्तीच झाली, आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगपासून वर्ल्ड ट्रेड सेंटरपर्यंत सगळीकडे त्यांचे हात लागले. उंचीची त्यांना जन्मतःच भीती वाटत नाही असं लोक सर्रास म्हणतात, ते काही खरं नाही, भीती त्यांनाही वाटते, ते ती सांभाळून काम करतात.

दुपारी फोंडाला, कटेरी टेकाक्विथाच्या ठिकाणी. 1656 साली जन्मलेली मोहॉक मुलगी, देवीच्या साथीत आईवडील गेले, चेहऱ्यावर व्रण आणि नजर अधू, पुढे ख्रिस्ती झाली, चोविसाव्या वर्षी गेली, आणि 2012 मध्ये रोमने तिला संत जाहीर केलं. टेकडीवर तिच्या काळातल्या गावाचं उत्खनन झालंय, लाँगहाऊसच्या खांबांच्या जागी खुंट्या रोवून ठेवल्यात, त्यावरून चालत गेलं की घर केवढं लांब होतं ते पायांना कळतं.

जाता जाता ऑरिस्कनीचं रणांगण लागतं. 6 ऑगस्ट 1777, अमेरिकन क्रांतीचं युद्ध. ओनायडा अमेरिकनांच्या बाजूने आणि मोहॉक, सेनेका ब्रिटिशांच्या बाजूने लढले. शेकडो वर्षं एकमेकांवर हत्यार उचलायचं नाही म्हणून जगलेली माणसं दुसऱ्यांच्या लढाईत समोरासमोर आली. एका हिरव्यागार दरीशेजारी एक उंच स्मारक आहे. आई खाली उतरलीच नाही, म्हणाली तुम्ही बघून या.

तिसरा दिवस – ऑनॉनडागा लेक

सिरॅक्यूज शहराला लागून हे सरोवर. काठावर स्कानो नावाचं केंद्र आहे, शांतीच्या महाकायद्याबद्दलचं. आधी याच जागी 1656 च्या फ्रेंच जेझुइट मिशनचं म्युझियम होतं. काठ यांचा, सरोवर यांचं, आणि सांगितली जात होती ती दीड-दोन वर्षं टिकलेल्या फ्रेंचांची गोष्ट. 2015 पासून इथे ऑनॉनडागा आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगतात.

आत गेल्यावर आधी आभाराचं बोलणं ऐकवतात. सभा असो, समारंभ असो, शाळेची सकाळ असो, सुरुवात यानेच. माणसांचे आभार, मग पृथ्वीमाता, पाणी, मासे, वनस्पती, प्राणी, झाडं, पक्षी, चार दिशांचे वारे, गडगडाट करणारे आजोबा, सूर्य, चंद्र-आजी, तारे, आणि प्रत्येक भागानंतर आता आपली मनं एक झाली असं म्हणतात. पूर्ण म्हटलं तर बराच वेळ लागतो आणि कोणी घाई करत नाही. आईला हे इतकं भावलं की तिने केंद्रातल्या बाईंना परत लावायला सांगितलं.

मग पीसमेकरची पुढची गोष्ट. हायावाथा नावाच्या माणसाच्या मुली एकामागून एक गेल्या. दुःखाने वेडापिसा होऊन तो रानात निघून गेला. फिरत फिरत एका तळ्याशी आला, तिथे बदकांचा थवा उडाला आणि त्यांच्याबरोबर तळ्याचं पाणीही उचललं गेलं, खाली तळाशी शिंपले दिसले. ते त्याने दोऱ्यात ओवले आणि म्हणायला लागला, माझ्यासारखं कोणी दुःखात दिसलं तर मी हे हातात घेऊन त्याचं सांत्वन करेन. पण त्याचं सांत्वन करायला कोणीच नव्हतं. पीसमेकर आला, त्याने त्याच माळा हातात घेऊन त्याचेच शब्द त्याला म्हणून दाखवले. या माळेने तुझे डोळे पुसतो म्हणजे तुला पुन्हा दिसेल, हिने कान मोकळे करतो म्हणजे ऐकू येईल, हिने घशात अडकलेलं काढतो म्हणजे बोलता येईल. आजही सरदार गेला की दुसरा बसवण्याआधी हा सांत्वनाचा विधी होतो. राज्यकारभाराच्या मुळाशी इतकी माणुसकीची गोष्ट मी दुसरीकडे कुठे वाचली नाही. आधी रडणाऱ्याचे डोळे पुसा, मग त्याच्याशी राजकारण बोला.

वॅम्पम ती हीच, शिंपल्यांचे पांढरे-जांभळे मणी. खूप लोक त्याला पैसा समजतात, पण यांच्यासाठी तो करार, तो निरोप, ती नोंद. हायावाथा पट्टा म्हणून प्रसिद्ध आहे, जांभळ्यावर चार पांढरे चौकोन आणि मधोमध झाड, पाच राष्ट्रं आणि मधे ऑनॉनडागा. तो कित्येक वर्षं न्यूयॉर्क स्टेट म्युझियमच्या ताब्यात होता, 1989 मध्ये बाकीच्या पट्ट्यांबरोबर ऑनॉनडागांना परत मिळाला.

शेवटचा उरला होता टाडोडाहो, ऑनॉनडागांचा मांत्रिक, केसांत साप, अंग वाकडंतिकडं, सगळे त्याला टरकून. त्याला मारला नाही. सगळे मिळून गात त्याच्याकडे गेले, त्याच्या केसांतले साप विंचरून काढले, अंग सरळ केलं, आणि वर त्याला महासभेचा प्रमुख केलं. त्याच्या नावाचं पद आजपर्यंत चालू आहे. मग याच सरोवराच्या काठावर व्हाइट पाइनचं झाड उपटून त्याच्या खड्ड्यात सगळी शस्त्रं टाकली, झाड परत लावलं. चार दिशांना चार पांढरी मुळं, ज्याला शांती हवी असेल त्याने मूळ धरत धरत यावं आणि सावलीत बसावं. शेंड्यावर गरुड, धोका दिसला की ओरडणारा.

हे कधी घडलं यावर मतं आहेत. सेनेकांचं ठरत नव्हतं तेव्हा सूर्य काळा झाला असं परंपरा सांगते, त्यावरून काही अभ्यासक 1142 चं ग्रहण धरतात, बरेच पुरातत्त्ववाले 1450 च्या पुढे येतात. पन्नास सरदारांची महासभा मात्र आजही भरते, मतदान नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. 1744 ला लँकेस्टरच्या तहाच्या वेळी ऑनॉनडागांचा कानासाटेगो ब्रिटिश वसाहतींना म्हणाला होता की आमच्यासारखी एकजूट करा, आणि ते भाषण छापलं बेंजामिन फ्रँकलिनने. अमेरिकेच्या राज्यघटनेवर यांची छाप किती यावर इतिहासकार भांडतात, पण 1988 मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून हे ऋण मान्य केलंय.

बाहेर आलो तर सरोवर निळंशार. याच पाण्यात 1940 ला पोहायला बंदी झाली आणि 1970 ला मासेमारीला. सोडा ॲशच्या कारखान्यांनी आणि शहराच्या सांडपाण्याने वाट लावली, पारा इतका की देशातल्या सगळ्यात प्रदूषित सरोवरांत नाव. ज्या काठावर शस्त्रं पुरली तिथली ही अवस्था. आता बरीच सफाई झाली आहे, तळाचा गाळ उपसलाय, पक्षी परत आलेत, पण ऑनॉनडागा म्हणतात काम अर्धवट आहे आणि बाबांनाही ते पटलं. 2005 मध्ये त्यांनी जमिनीच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला होता, त्यातही कोणाला घराबाहेर काढा असं मागितलं नव्हतं, जमीन आणि पाणी बरं व्हावं असं होतं. कोर्टाने फेटाळला, खूप उशीर झाला म्हणून. 2022 मध्ये टली खोऱ्यातली 1,000 एकरांहून जास्त जमीन मात्र परत देण्याचं ठरलं, सरोवराच्या नुकसानभरपाईचा भाग म्हणून.

शहराच्या दक्षिणेला त्यांचा प्रदेश आहे, फार मोठा नाही. तिथे आम्ही फक्त रस्त्याने गेलो. लोकांची राहती घरं आहेत, लाँगहाऊसमधले विधी बाहेरच्यांसाठी नसतात, फोटो काढत हिंडायची ती जागा नाही.

चौथा दिवस – फेएटव्हिल, मग गनॉन्डगन

सकाळी तासभर फेएटव्हिलला मटिल्डा गेजच्या घरी. बायकांच्या हक्कांसाठी लढलेली गोरी बाई, या लोकांच्या शेजारी राहिलेली. तिच्या काळात अमेरिकेत बाईला मत नव्हतं, लग्न झालं की स्वतःचं म्हणून जवळपास काही राहायचं नाही, आणि शेजारी बघावं तर होडिनोशोनी बायका जमिनीच्या मालकीण, घर त्यांचं, मुलं त्यांची. 1893 मध्ये मोहॉकांनी तिला लांडगा कुळात घेतलं. 1848 ची बायकांच्या हक्कांची सभा सेनेका फॉल्सला झाली ती याच पट्ट्यात, गाव पुढे लागलं पण आम्ही थांबलो नाही, गनॉन्डगनला वेळ हवा होता.

कुळांचं आईला पटकन कळलं. अस्वल, लांडगा, कासव अशी कुळं, मोहॉक आणि ओनायडांत तीन, सेनेकांत आठ, आणि एका कुळात लग्न नाही. म्हणजे गोत्रच की, आई म्हणाली. फरक एवढाच की हे आईकडून येतं. आणि प्रत्येक कुळाची एक थोरली बाई असते, क्लॅन मदर, ती सरदार निवडते. नीट वागला नाही तर तीनदा समज देते, तरी ऐकलं नाही तर त्याची शिंगं काढून घेते, म्हणजे पद गेलं. हरणाची शिंगं ही सरदारकीची खूण. लढाईला जायचं तर वाटेचं धान्य बायकांच्या हातात, त्यांनी दिलं नाही तर लढाई नाही. हे सगळं ऐकून आईने बाबांकडे जे बघितलं ते बाबांनी लगेच ओळखलं.

गनॉन्डगन हे व्हिक्टर गावाजवळच्या टेकडीवरचं सेनेकांचं सतराव्या शतकातलं मोठं गाव. 1687 च्या जुलैमध्ये फ्रेंच गव्हर्नर डेनोनव्हिल मोठी फौज घेऊन आला, बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारात सेनेका आड येत होते म्हणून. मुख्य गावाला सेनेकांनी स्वतःच आग लावली आणि निघून गेले, फ्रेंचांनी मग कणगीतला मका आणि उभं पीक जाळलं. जिगोनसासे, म्हणजे जिने पीसमेकरचं म्हणणं सगळ्यात आधी मान्य केलं ती बाई, तिचं दफन या परिसरात आहे असं परंपरा सांगते. ती वाटेवर राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्या लढवय्यांना जेवायला घालायची, बाजू न बघता. तिला राष्ट्रांची आई म्हणतात.

टेकडीवर पूर्ण आकाराचं लाँगहाऊस उभं केलंय, 1998 चं. आत पाऊल टाकल्याबरोबर अंधार, धुराचा वास आणि गारवा. एल्मच्या सालीच्या भिंती, मधून सरळ वाट, वाटेत चुली, एका चुलीला समोरासमोर दोन कुटुंबं, वर धूर जायला भोकं, दोन्ही बाजूंना झोपायचे माच आणि त्यांच्यावर सामानाचे. आढ्याला मक्याच्या कणसांच्या वेण्या लटकवलेल्या. जुन्या काळी काही लाँगहाऊसं याहूनही बरीच लांब असायची. लग्न झालं की नवरा बायकोच्या लाँगहाऊसमध्ये राहायला यायचा, आणि पटलं नाही तर त्याचं सामान दाराबाहेर.

इथल्या गाइडने आकाशातल्या बाईची कथा सांगितली. वर आकाशलोक, खाली नुसतं पाणी. आकाशातलं झाड उपटलं गेलं, त्या भोकातून गरोदर बाई खाली पडली. पाणपक्ष्यांनी पंख जोडून तिला झेललं, कासव म्हणालं माझ्या पाठीवर ठेवा. मग तळातून माती आणायला एकेक प्राणी बुडी मारायला लागला, शेवटी छोट्याशा मस्करॅटने मूठभर आणली, बऱ्याच कथांत त्यात त्याचा जीव गेला. ती माती कासवाच्या पाठीवर पसरून बाई गोल गोल नाचत गेली आणि जमीन वाढत गेली, म्हणून या खंडाला ते कासवाचं बेट म्हणतात. तिच्या मुलीला जुळे झाले, एक सरळ जन्मला, दुसरा आईची कूस फाडून. त्या आईच्या थडग्यावर उगवलं ते मका, घेवडा, भोपळा.

या तिघी बहिणी. एकाच उंचवट्यावर लावतात, मक्यावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात आणि तण दाबतात. जूनमध्ये रोपं वीतभरच होती, पण बाबांनी एकेक उंचवटा वाकून बघितला. यांचा पांढरा मका वेगळा, टपोरा. तो राखेच्या पाण्यात उकळतात, मग खास टोपलीत घालून खळखळून धुतात की टरफलं निघून जातात. राखेने तो पचायला सोपा होतो आणि पोषणही वाढतं. गनॉन्डगनला हा मका पिकवून विकायचा प्रकल्प चालतो, आम्ही भाजक्या पिठाची पिशवी घेतली. सोबत स्ट्रॉबेरीचं पेय मिळालं, स्ट्रॉबेरी, पाणी आणि थोडं मॅपल. जून हा त्यांचा स्ट्रॉबेरीच्या उत्सवाचा महिना, वर्षातलं पहिलं फळ म्हणून तिचा मान मोठा.

पाचवा दिवस – कॅनन्डेग्वा आणि नायगारा

कॅनन्डेग्वाच्या कोर्टासमोर एक मोठा दगड आहे, त्यावर 11 नोव्हेंबर 1794 चा तह. त्याच्या आधीचं कळल्याशिवाय तो तह समजत नाही. 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज या भागात फिरली आणि 40 हून जास्त गावं जाळली, मका कापला, फळबागा तोडल्या. हजारो लोक नायगाराच्या ब्रिटिश किल्ल्याशी जाऊन पडले आणि त्या भयंकर थंडीत भुकेने, आजाराने कितीतरी मेले. वॉशिंग्टनला ते गावं उद्ध्वस्त करणारा म्हणतात आणि पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला तेच नाव लागतं. मुलगा शाळेत वॉशिंग्टनवर प्रोजेक्ट करून आलेला, तो गाडीत बराच वेळ गप्प होता.

1794 च्या तहात अमेरिकेने यांच्या जमिनी यांच्याच आहेत असं मान्य केलं आणि वर्षाला 4,500 डॉलरचा माल द्यायचं ठरलं. आजही त्या रकमेचं कापड येतं. रक्कम तीच, कापडाच्या किमती वाढल्या, म्हणून तुकडे छोटे छोटे होत गेले. तरी ते घेतात, कारण कापड येतंय म्हणजे तह जिवंत आहे. दरवर्षी 11 नोव्हेंबरला इथे जमतात. आणि याच तहाला बाजूला सारून 1965 मध्ये पेनसिल्व्हेनियात किन्झुआ धरण पुरं केलं, सेनेकांची सुमारे 10,000 एकर जमीन पाण्याखाली गेली, सहाशेच्या आसपास माणसं उठवली, थडगीसुद्धा हलवली. बाबांनी आयुष्यभर कालव्यांवर काम केलं, विस्थापितांच्या सभांना बसलेले, ते म्हणाले थडगी हलवताना तिथे उभं राहणाऱ्या इंजिनियरला विचारायला हवं.

संध्याकाळी नायगारा. धबधबा काय सांगायचा, तो आहेच. पण ‘मेड ऑफ द मिस्ट’ या बोटीच्या नावामागे कुमारिकेचा बळी द्यायचे अशी जी गोष्ट पर्यटकांना वर्षानुवर्षं सांगितली गेली ती यांची नाही. यांच्या कथेत पाण्यात पडलेल्या मुलीला धबधब्यामागे राहणारा गडगडाटाचा देव हिनो वाचवतो आणि तिच्यामार्फत गावाला विषारी महासर्पापासून सावध करतो. एवढी सुंदर गोष्ट असताना बळीची का पसरवली असेल ते उघड आहे.

इथल्या विजेसाठी टस्करोरांच्या जमिनीवर प्रचंड मोठा जलाशय बांधलाय. ते सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, 1960 मध्ये हरले. विरोधात मत देणाऱ्या जस्टिस ब्लॅकने लिहिलं की थोर माणसांसारखं थोर राष्ट्रांनीही दिलेला शब्द पाळावा.

सहावा दिवस – ग्रँड रिव्हर

बॉर्डरवर आमच्या पासपोर्टांचे दोन रंग, आई-बाबांचे व्हिसे, सगळं दाखवून झालं. होडिनोशोनी आपला स्वतःचा पासपोर्ट काढतात. 1923 मध्ये कायुगांचा सरदार देस्काहे असाच पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्सकडे गेला होता, कॅनडा आमचं राज्य मोडतोय हे सांगायला. त्याला सभेपुढे बोलू दिलं नाही. पुढच्याच वर्षी कॅनडाने ग्रँड रिव्हरवरची परंपरागत सभा बरखास्त करून निवडणुकीची सभा लादली. जुनी सभा थांबली नाही, आजही बसते.

ग्रँड रिव्हरचा प्रदेश 1784 मध्ये ब्रिटिशांनी दिला, युद्धात साथ दिल्याबद्दल. मोहॉक नेता जोसेफ ब्रँट लोकांना घेऊन इथे आला. नदीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैल, उगमापर्यंत. आज त्यातलं पाच टक्क्यांहूनही कमी उरलंय. ब्रँटफर्डमध्ये 1785 चं छोटंसं पांढरं लाकडी मोहॉक चॅपल आहे, बाजूला ब्रँटची कबर.

तिथून जवळच मोहॉक इन्स्टिट्यूट, निवासी शाळा, 1970 पर्यंत चाललेली. मुलांना घरातून आणायचं, केस कापायचे, भाषा बोललं की मार. जेवणात पातळ लापशी, त्यावरून मुलांनी शाळेला मश होल नाव ठेवलं. भोवती सफरचंदांची बाग होती आणि उपाशी पोरांनी त्यातलं फळ घेतलं तर शिक्षा. शाळा बंद झाल्यावर इमारत पाडायची की ठेवायची याची चर्चा झाली आणि समाजाने ठेवायची ठरवली, वाचलेल्यांनी सांगितलेलं खरं होतं हे पुढच्यांना दिसावं म्हणून. यावर मी जास्त लिहीत नाही. मुलांना न्या, पण आधी बोलून न्या.

संध्याकाळी सिक्स नेशन्सच्या लॅक्रॉस अरेनात मॅच. इनडोअर, बॉक्स लॅक्रॉस, पाच-पाच खेळाडू आणि गोली, वेग इतका की बॉल दिसत नाही. प्रेक्षकांत चार पिढ्या, पाळण्यातलं बाळसुद्धा, हातात छोटी स्टिक. हा खेळ निर्माणकर्त्याने दिला असं मानतात, औषध म्हणून खेळतात, कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठी खेळ ठेवतात. अरेनाच्या बाहेर एक आजोबा हिकरीच्या लाकडाची, कातड्याच्या जाळीची स्टिक दाखवत होते, लाकूड वाफवून वाकवायचं आणि महिनोन्‌महिने वाळू द्यायचं. त्यांनी ती माझ्या मुलाच्या हातात दिली, धरायचं कसं ते दाखवलं.

यांची राष्ट्रीय टीम 1983 पासून आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिपला आपल्या झेंड्याखाली खेळते आणि पुरुषांनी 2014, 2018, 2023 ला कांस्य जिंकलंय. 2010 ची स्पर्धा मँचेस्टरला होती, ब्रिटनने यांचे पासपोर्ट मानले नाहीत. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर जाऊन खेळण्यापेक्षा टीम न्यूयॉर्कहून घरी परत गेली. आता 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परत येतोय, आणि ऑलिंपिक समिती म्हणते की मान्यताप्राप्त राष्ट्रीय समिती असलेल्या देशांनाच प्रवेश, म्हणजे यांनी अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावं. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच स्वतःच्या नावाने उतरता येऊ नये, हे मला अजिबात मान्य नाही. जांभळ्यावर हायावाथा पट्ट्याचा तो झेंडा अरेनात वर लटकलेला होता. मुलगा तेव्हापासून लॉस एंजेलिसच्या तिकिटांबद्दल विचारतोय, पण जायचं ते यांची टीम उतरली तरच, हे त्याने आम्हाला गाडीत सांगून टाकलंय.